मागचं मोठं चक्र

ये ग, अशी जवळ बस. फोन तिकडे पालथा ठेव आणि मग हे पत्र वाच. गुरुग्रामला राहायला आलीस तेव्हा काय म्हणाली होतीस? मावशी, आता दर रविवारी. तुझ्याकडून इकडे मेट्रो थेट येते, मध्ये कुठे बदलायची नाही की काही नाही. मेट्रोने आली नाहीस, आणि तुझ्या काकांची सायकल घेऊन गेलीस तर तिच्यावरूनही आली नाहीस. परवा फोन केलास तो कशासाठी, तर तिच्या मागच्या चाकाची कॅसेट, ती दातेरी चक्रं, बदलणार म्हणून सांगायला. मोठं चक्र उगीच ओझं आहे म्हणे, गुरुग्राममध्ये सगळं सपाट. शहाणी आहेस. पण ते चक्र तिथे कसं आलं ते ऐक, आणि मग काय करायचं ते कर.

आम्ही दोघं डोंगरांतली माणसं. नोकरीने दिल्लीला आणलं, सरकारी क्वार्टरमध्ये आयुष्य गेलं, आणि रिटायर झाल्यावर घर घ्यायची वेळ आली तेव्हा हे म्हणाले, मला टेकडी हवी. दिल्लीत टेकडी कुठली? हिंदूरावची ही रिज, तिला टेकडी म्हणायचं तर आपल्याकडची माणसं हसतील. पण चढ आहे, झाडं आहेत, माकडंही आहेत. ऑफिसातले बाकीचे मराठी लोक जिथे फ्लॅट स्वस्त आणि लिफ्ट मोठी तिकडे गेले. आम्ही चढ बघून घर घेतलं. असा वेडेपणा आपल्या डोंगरातल्याच लोकांनी करावा.

मग सायकल आली. वाकड्या हँडलची, बारीक टायरची. रविवारी पहाटे पोरांचा एक ग्रुप निघायचा, हे त्यात. पोरं म्हणजे तिशी-चाळिशीतली, ह्यांना अंकल म्हणायची. सपाट रस्त्याने लांब जायचं, कुठेतरी पराठे खायचे आणि परतायचं. बाकीचे खालूनच आपापल्या घरी, चढ चढायचा तो ह्यांनी एकट्यानेच.

काही वर्षांनी कॅसेट झिजली. दुकानदाराने दोन दाखवल्या. हे दोन्हींचे फोटो काढून घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलावर मला शिकवायला बसले. मी फार शिकलेली नाही, पण स्वयंपाकघरातून ऐकत ऐकत बरंच शिकले आहे. कॅसेट म्हणजे लहानमोठ्या दातेरी चक्रांची उतरंडच, आडवी केलेली. एका कॅसेटचं सगळ्यात मोठं चक्र पंचवीस दात्यांचं, दुसरीचं बत्तीस. मागचं चक्र जेवढं मोठं, तेवढा चढ हलका. मी म्हटलं, म्हणजे पायऱ्या ठेंगण्या केल्यासारखं, वेळ लागेल पण वर पोचेल माणूस. हे खूश झाले, म्हणाले बिल्कुल तसंच. पण बत्तीसवालीत एका चक्रापासून दुसऱ्यापर्यंत उडी मोठी. सपाट रस्त्यावर सगळे एका लयीत चालले असले की हिच्यावर पाय एकतर भिरभिरतात, नाहीतर जड होतात, आणि माणूस मागे पडतो. पंचवीसवालीत चक्राचक्रांत फरक थोडा, लय तुटत नाही. ग्रुपमध्ये सगळ्यांकडे तीच.

मी म्हटलं, चढ कुणाच्या घरी आहे? त्यांच्या की आपल्या?

ह्यांनी पंचवीसवाली आणली. जन्मभर फायलींवर दोन्ही बाजू मांडून निर्णय घेतलेला माणूस. पण घर कुठे आहे ते सोडून, सोबत कुणाची हवी ते बघून चक्र निवडलं.

आपल्या बाल्कनीतून वळणावरचा कडुनिंब दिसतो, आठवतं ना? त्या हिवाळ्यात मी बघायला लागले. हे कडुनिंबापाशी यायचे, उतरायचे, खाली वाकून टायर अंगठ्याने दाबून बघायचे. बराच वेळ. मग सायकल हाताने ढकलत वर. पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच टायर. घरात आले की ओठ पांढरे, आणि म्हणायचे, आज मजा आली. मी पोहे पुढे ठेवायची. डॉक्टर म्हणाले होते, सायकल चालवा, पण दम लागू देऊ नका. ह्यांनी मला त्यातलं पहिलं वाक्य तेवढं सांगितलं होतं. दुसरं मी डॉक्टरांकडून ऐकलं.

एका रविवारी मी विचारलं, "दर वेळी त्याच झाडापाशी हवा कमी होते का हो?"

हे पोहे चिवडत राहिले. मग म्हणाले, "मोठं लावलं तर त्यांच्याबरोबर जाता येणार नाही मला."

"आणि नाही लावलं तर माझ्याकडे येणार कसे?"

पुढच्या आठवड्यात बत्तीसवाली लागली. साखळी नवी लांब घ्यावी लागली, साखळी ओढून धरणारा तो खालचा दांडाही बदलावा लागला. ग्रुपमधल्या एकाने मागचं चाक बघितलं आणि म्हणाला, "अंकल, ये तो पराठे की प्लेट लगवा ली आपने." हेच ती गोष्ट मला हसत हसत सांगत होते. थोडे रविवार पोरं पुढच्या सिग्नलला थांबली. मग हेच म्हणाले, थांबू नका. पोरं चांगली होती, पण त्यांचीही लय होती ना. नंतर हे एकटेच जायचे, लवकर परतायचे. कडुनिंबापाशी लाल हेल्मेट दिसलं की मी चहा टाकायची, आणि उकळी येईपर्यंत सायकलचा क्लिक क्लिक आवाज फाटकात. एकदाही उतरले नाहीत. तेव्हा मला वाटलं होतं, जिंकलो आपण. आणि खरंच, पुढची काही वर्षं मिळाली. पण रविवारच्या त्या पोरांचे फोन यायचे बंद झाले, आणि हे फोन जवळ घेऊन बसायचे, तेही मी बघत होते.

आता मी बघते तो नुसता रस्ता. आमच्यातल्या, हळदीकुंकवाला यायच्या त्यांतली शेवटची मैत्रीण गाझियाबादला मुलाकडे गेली. कामवालीशी हिंदी, भाजीवाल्याशी हिंदी. दिवसचे दिवस तोंडातून मराठी शब्द निघत नाही, तर कुकरशी बोलते. म्हणते, हो रे बाबा, ऐकलं, तीन झाल्या. तो तरी शिट्टी देऊन ओ देतो. सकाळी चहा टाकायची वेळ मात्र ठरत नाही आता. कशावरून ठरवायची?

तर ती सायकल तुझी आहे. तुझा ग्रुप झाला असेल, त्यांच्या मागे राहायला तुला आवडत नसेल, तेही मला कळतं. काकांनाही आवडत नव्हतं. लाव पंचवीसवाली, त्यांच्याबरोबर जा. पण ही जुनी फेकू नकोस, आणि एखाद्या रविवारी बदलून घे. दुकानात वेळ लागत नाही म्हणे. ते चक्र गुरुग्रामसाठी नव्हतंच ग, ते आपल्या घराच्या चढासाठी आहे. हेल्मेट कुठल्याही रंगाचं घाल, फक्त लांबून दिसेल असं घाल. मी बाल्कनीत असते. लवकर ये.