आधी मागच्या गाड्या

गोदामात गाड्या लोटणाऱ्या शोभाअक्कांचा फोन आला तेव्हा मी शिंदखेड्याच्या बसस्टँडवर कामगार संघटनेची पत्रकं वाटत होते. “आबा गेले गं...” एवढंच त्या म्हणाल्या.

दगाआबा धुळ्यातल्या एका मोठ्या किराणा दुकानात ट्रॉल्या दुरुस्त करायचे. तुम्ही दाराशी ओढून घेता त्या, आणि तुम्हाला कधी दिसत नाहीत त्याही. गोदामातून तेलाचे डबे, साखरेची पोती वाहणाऱ्या. त्या लोटायला बाया. दुकानाचा नियम असा, की चांगली चाकं पुढे गिऱ्हाइकाला आणि झिजलेली मागे बायांना. मनगटं सुजली तर सुजोत! मी संतापून पत्रक छापलं. आबांनी ते शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली, गाडी हलू नये म्हणून चाकाखाली दाबलं आणि म्हणाले, “पोरी, कागद चांगला जाड शे.”

नियम त्यांनी स्वतःच उलटा केला. चाकात गुंतलेली सुतळी, केस ब्लेडने कापून काढायचे; अडून बसलेल्या गाडीला ‘रुसेल’, म्हणजे रुसलेली, म्हणायचे. आणि चांगली चाकं आधी गोदामाला. “गिऱ्हाईक घडीभर लोटस, ह्या बाया दिनभर लोटतस.” मॅनेजरने आधी ताकीद दिली, मग सरळ सांगितलं, उद्यापासून येऊ नका. या वयात दुसरं काम कोण देणार होतं त्यांना? आबा भांडले नाहीत. पिशवी उचलली आणि गेले...

दुसऱ्या सकाळी बायांनी सगळ्या गाड्या गोदामाच्या दारात आडव्या लावल्या आणि समोर बसून राहिल्या. दुकानात माल जाईना. दुपारच्या आत आबांना बोलावणं गेलं. ते आले, एकेक चाक फिरवून पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने मॅनेजरला म्हणाले, “साहेब, गाड्या ठीक शेतस. बाया रुसेल शेतस.” हसू त्यालाही आवरलं नाही. त्यानंतर आबांना कुणी अडवलं नाही.

त्यांच्या जागी अजून कुणाला घेतलेलं नाही. परवा मी गोदामात गेले, तर शोभाअक्का फरशीवर बसलेल्या, पुढ्यात गोदामातली गाडी उलटी, हातात ब्लेड. दारातून मॅनेजर ओरडला, “अक्का, पुढे ट्रॉल्या नाहीत, गिऱ्हाईक खोळंबलंय!”

अक्कांनी मान वर केली नाही.

“थांबाले सांगा,” म्हणाल्या.