मशीन मापली, शीट नाही

पावणेपाचला त्याचा दिवस सुरू व्हायचा. उठला की उजव्या हाताची बोटं भिंतीवर चढवत न्यायची, हात डोक्याच्या वर जाईपर्यंत. पूर्वी दहा वेळांत खांदा सुटायचा, आता चाळीस लागत. चहा ठेवता ठेवता बायको मोजायची.

पाट्या बनवणाऱ्या दुकानात तो बावीस वर्षं शीट कापत होता. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. तेवढी चूकही तो खपवून घेत नसे, म्हणून सगळे त्याला सूतदादा म्हणत. अॅक्रिलिकचं जाड शीट कापायचं तर पट्टी धरून कटर नऊ वेळा ओढायचा, मग टेबलाच्या कडेवर दाबून मोडायचं. आठ फुटांचे नऊ ओढ म्हणजे बहात्तर फूट. असे दिवसाला वीस कट, आणि सगळा भार एका खांद्यावर. बसून बोलणाऱ्यांनी हा हिशेब एकदा खांद्यावर घेऊन पाहावा.

मालक मशीन घेणार असं कळलं तेव्हा तो आपणहून म्हणाला, "शेठ, उभी घ्या. भिंतीला लागून राहते. शीट जागेवर उभं असतं, पातंच त्यावरून सरकतं. मला एकट्याला जमेल."

"बघू," शेठ म्हणाले.

बघितलं ते त्यांच्या मेहुण्याने. या गृहस्थाच्या हातात कटर यायचा तो टपालाचं पाकीट फोडायला. आठवड्याभरात सहा फूट लांबीचं आडवं टेबल दारात उतरलं, मधोमध गोल पातं. चार माणसांनी घामाघूम होऊन ते खोलीच्या मध्यावर बसवलं.

"खोली चौदा फूट, मशीन सहा," मेहुणा टेप नाचवत म्हणाला. "पुढेमागे चार-चार फूट जागा. मापून आणलीय, सूतदादा!"

"मशीन मापलीत. शीट मापलंत?"

"म्हणजे?"

सूतदादाने आठ फुटांचं शीट उचलून टेबलावर पात्याला लावलं. त्याचं मागचं टोक दाराबाहेर फूटभर लोंबत राहिलं. बटण दाबलं, शीट पुढे सरकवलं. सात फूट झकास कापलं गेलं आणि पुढचं टोक भिंतीवर आपटलं. मागचा एक फूट तसाच.

पातं रिकामं गरगरत होतं.

"मग तेवढा फूटभर हाताने काप ना," मेहुणा म्हणाला. "सवय आहेच तुला."

सूतदादाने बटण बंद केलं. "शेठ, या खोलीत बावीस वर्षं शीट फिरवतोय मी. झोपेतून उठवून विचारलं असतंत तरी सांगितलं असतं. विचारायला काय नऊ ओढ लागले असते?"

"चिडू नकोस रे. विकणारे ती परत घेत नाहीत आता," शेठ म्हणाले.

राग त्याला मशीनचा नव्हता. आपला खांदा त्यांनी फुकटचा धरला, याचा होता. आणि तो राग रास्तच होता.

चार महिने तसेच गेले. लहान तुकडे मशीनवर, अख्खी शीटं हाताने. दुपारी त्या टेबलावर सगळे डबे सोडायचे. तेवढं काम ते चोख करत होतं. भिंतीवरची मोजणी साठावर गेली.

साठ मोजून झाल्यावर एका सकाळी बायकोने बँकेचं पुस्तक त्याच्या पुढ्यात टाकलं. ओव्हरटाइमचे पैसे ती आजवर वेगळे टाकत आली होती. "त्यांनी नाही विचारलं ना? मी विचारते. कुठली मशीन हवी तुम्हाला? घरीच कापा शीटं, आपली आपण."

त्याने आधी घराची मागची खोली मापली. मशीनसाठी नव्हे, शीटसाठी. मग बंद होत आलेल्या एका कारखान्यात उभी मशीन होती, ती बघायला गेला.

"डोळे झाकून घ्या," विकणारा म्हणाला.

"झाकून घेतलेली एक बघितलीय मी."

त्याने एक शीट कापलं आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, दोन्हीकडून तिरका टेप लावला. दोन सूत फरक. विकणाऱ्याला पान्हा आणायला लावलं, पट्टी सरळ करून घेतली, पुन्हा कापलं. आता दोन्ही मापं एक आली.

बावीस वर्षांचा ओव्हरटाइम त्या मशीनला लागला. उरलेल्यात ती भिंतीला ठोकायचे चार बोल्ट आले.