सुमनचा हिरवा ठिपका

उस्मानपुऱ्यात भाजी घेत होते, तेव्हा फोन आला. सुमन गेली... मी भाजीवाल्याला उगाच म्हणाले, "मेथी ताजी दे हं." काहीतरी बोलायलाच हवं होतं. आदल्याच दिवशी प्रयोगशाळेत तिनं मला झापलं होतं, "बडबड नंतर कर, आधी शटर लाव!"

आम्ही दोघी एकाच महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायचो. सुमन शेंद्र्याकडच्या मेंढपाळाची लेक. खाटकाकडून मेंढीचा गर्भ मिळाला, की ती त्याचे पातळ काप काढायची. गर्भाच्या प्रत्येक पेशीत जनुकांची माहिती तीच. पण कुठं, कधी, कोणतं प्रथिन तयार होतं, त्यावर तिथं हृदय होणार की कणा, ते ठरत जातं. हृदयातलं एक प्रथिन पहिल्यांदा कुठं उमटतं, हे ती चमकणारा रंग लावून शोधत होती. त्या रंगाची खोड अशी, की दिव्याखाली जितकं बघावं तितका तो विरतो, परत येत नाही. म्हणून काचपट्ट्या बंद डब्यात, वर काळं फडकं. कुणी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलं, की सुमनबाईंचा हात दिवा झाकणाऱ्या शटरवर. "डोळ्यांनी खाऊन टाकशील गं!" लई राग यायचा मला. आता त्या रागासकट ती हवी आहे...

शेवटच्या पट्टीवर तिला हवा तो ठिपका सापडला होता. नेमका कॅमेरा दुरुस्तीला गेलेला, फोटो राहिला. तिच्या इतक्या वर्षांच्या कामाचा पुरावा तेवढाच. कॅमेरा येईपर्यंत ती पट्टी मी जिवापाड जपणार होते.

परवा तिची आई सामान न्यायला आली. टेबलावरून हात फिरवत म्हणाली, "माझी लेक दिसभर यात काय बघायची गं? सांगायची, पर मला काय कळत नव्हतं. मला बी दाव की."

बाकीच्या पट्ट्या केव्हाच विझल्या होत्या. मी काळं फडकं काढलं, ती एकच पट्टी लावली, दिवा सुरू केला.

"पटकन बघा हं, मावशी."

"अगं बया... हिरवं हिरवं चमकतंय. काय हाय ते?"

"कोकराचं काळीज. नुकतं व्हायला लागलेलं. सुमननं शोधलेलं."

मावशी हलेनात. माझा हात शटरकडं गेला.

"कमी व्हाया लागलंय गं," डोळा न काढता त्या म्हणाल्या. "थांब, बंद करू नगं. हाय अजून."

मी हात मागं घेतला.