पाठीला पाठ लावलेला बाक

केरबाचा दिवस पावणेपाचला सुरू होई. साताऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत तो चहा पिई, भाकरी फडक्यात बांधी आणि थापी-ओळंबा घेऊन कासच्या रस्त्याने चालत चढ चढे. दिवसभरात त्याच्याशी फारसं कुणी बोलत नसे.

बायको गेल्यापासून पाटणचं घर बंद होतं. मुलगा वीरधवल फौजेत, सून-नातू पुण्यात. घराचा ओटा खचला होता. शेवटच्या पगारातून तो बांधायचा, मग थापी खाली ठेवायची, असं केरबाने ठरवलं होतं. गुडघे आता उकिडवं बसू देत नव्हते.

काम फुलं बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी होतं. रस्त्याकडेला फूटपाथ आणि एसटीच्या थांब्यावर दगडी बाक. केरबाने बाकाचा एकेक दगड स्वतः घडवला. सांध्यात नख शिरणार नाही, असं काम.

बाक झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याला दिसलं, दही विकून परत निघालेली रंगूबाई बाकाशेजारी भुईवर बसली आहे.

"मावशी, भुईला का? बाक हाय की."

"त्यावर बसलं की पाठ रस्त्याला. परवा तशीच यष्टी गेली माजी. ड्रायव्हर हात बघून थांबतो रं, पाठ बघून न्हाई."

बाकाची पातळी केरबाने दहादा तपासली होती. पण तो रोज चालत येणारा माणूस. एसटीची वाट बघत त्यावर तो एकदाही बसला नव्हता.

ठेकेदाराचा इंजिनिअर जयराज म्हणाला, "काका, नकाशात बाक दरीकडंच आहे. पाहुण्यांना फोटो काढायचे असतात."

"आन् यष्टीची मानसं?"

"उभी राहतात की. आता काम संपलं, पगारही झाला तुमचा."

"पाठीला पाठ लावून दुसरा बसवतो. रस्त्याकडं तोंड. मजुरी नको, सामानबी माजं."

जयराज हसला. "लय हौस हाय व्हय, काका?"

"हौस न्हाई. चूक हाय."

जयराजने मान हलवली. "बसवा. फक्त दरीकडचा बाक हलवू नका."

दुसऱ्या बाकाला चार दिवस लागले. दगड उचलायला दुसरा माणूस नव्हता, म्हणून केरबाने तो पहारीने तसूतसूने सरकवला. पुढे आठवडाभर झऱ्यावरून कॅनने पाणी आणून सांधे भिजवले.

मग रंगूबाई आली. बसण्याआधी तिने हाताने दगड चाचपला.

"गार हाय."

"दुपारी तापंल."

"तूबी टेक की. बांधून उभाच ऱ्हातोस व्हय?"

केरबा टेकला. दोघं रस्त्याकडे बघत राहिली. ती नातीच्या लग्नाचं सांगत होती, तो ऐकत होता. वळणावर एसटी दिसली. रंगूबाईने बसल्या जागेवरून हात केला. गाडी थांबली, ती चढली, गाडी गेली.

केरबाला कुठली गाडी धरायची नव्हती. तो तसाच बसून राहिला. पाटणचा ओटा खचलेलाच राहणार होता. शेवटच्या पगारातून आले होते बसायला एक लांब दगड, खाली दोन आधाराचे, सिमेंटची तीन पोती आणि ते चढावर आणणारा टेम्पो.