जुनी चावी चालणार नाही

“बघून ठेवलंय,” असं म्हणून बाई चष्मा काढत, पदराने पुसत आणि पुन्हा चढवत. तेवढ्यात समोरच्याने माफी मागून घेतलेली बरी. असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. माझ्या तर पगारावर होतं.

अलिबागच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात रेवसच्या लाँचच्या तिकीट मशीनचं सॉफ्टवेअर बनतं. बनवायच्या बाई. मी मालक, म्हणजे चहा सांगायचो. घरी तेवढाही अधिकार नाही.

एका सुट्टीच्या सकाळी धक्क्यावरची सगळी मशीनं बंद पडली. भाडं बदललं की नव्या दरांची फाईल लाँचमालकाचा मुंबईचा कंत्राटदार मशीनला पाठवायचा. चुकीची फाईल त्याचीच. पण तो लाँचमालकाला फोनवर म्हणाला, “अलिबागच्या मॅडमनी पाठवली.” फाईल कुणाची, हे मशीन तेव्हा तपासतच नसे. लाँचमालक भर गर्दीत बाईंवर ओरडला, “बाय, तुला जमत न्हाय तर घरी भाकऱ्या थाप!”

बाई रेवदंड्याच्या, मासळी बाजारात वाढलेल्या. असं माणूस गप्प बसलं की जास्त भ्यावं. त्यांनी नुसता चष्मा पुसला.

मग त्यांनी मशीनला सही ओळखायला शिकवलं. फायलीवर पाठवणाऱ्याची डिजिटल सही हवी, मशीन ती पडताळणार, मगच फाईल आत. सही करायला ज्याची त्याची गुप्त चावी, म्हणजे संगणकातला एक लांबलचक आकडा. कंत्राटदाराची चावी फार जुन्या पद्धतीची, सहज फोडता येणारी, वर त्याच्या ऑफिसात सगळ्यांकडे तिची नक्कल.

“चालवून घेऊ की,” मी म्हणालो. “गिऱ्हाईकाचा माणूस आहे.”

“सर, नवं दार बसवायचं आन् बाजूचं भगदाड तसंच ठेवायचं? मंग सुतार कशाला बोलावला?” मग हळूच, “आन् त्याच्यासाठी तर न्हायच न्हाय.”

‘जुनी चावी चालणार नाही,’ अशी सूचना सगळ्यांना गेली. त्याने ती वाचली नाही. पुढच्या भाडेबदलाला मशीनने त्याची फाईल नाकारली आणि साहेब स्वतः आमच्या दारात. बाईंनी लाँचमालकालाही बोलावून ठेवलं होतं.

“मॅडम, एकदाच जुनी चालू करा ना.”

“नवी बनवा. इथंच बसून. तुमच्या एकट्याच्या नावाची.”

त्याने खुर्ची ओढून ती बनवली. बाई लाँचमालकाकडे वळल्या. “आता मशीन बंद पडलं तर कुनाच्या फायलीनं, ते मशीनच सांगंल.”

“मंग मागच्या टायमाला?”

“यांना इचारा.”

कंत्राटदार पाणी पीत राहिला. भांडं केव्हाच रिकामं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी लाँचमालकाकडून पापलेटं आणि माफी आली. बाईंनी पापलेटं ठेवून घेतली, माफी परत पाठवली.

बाई वारल्या, त्याला आता वर्ष होत आलं. परवा कंत्राटदाराचा फोन आला.

“शेठ, बाई तर आता नाहीत. नवी चावी माझ्या एकट्याकडे, मी गावी गेलो की काम अडतं. जुनी चालू करून टाका.”

मी बाईंच्या संगणकावर उगाच चार बटणं दाबली. मला काही कळतं म्हणून नव्हे. त्याला खटखट ऐकू जावी, आशा वाटावी म्हणून.

“नाही होणार.”

“अहो, पण का?”

मी फोन टेबलावर ठेवला आणि त्याचं हॅलो, हॅलो निवांत ऐकत बसलो.