कोऱ्या ओळीचा उमेदवार

डेल्मस रॉलर्सनने आयुष्यात एकदाच निवडणूक लढवली, आणि ती कुणाविरुद्ध लढवली हे त्याला बायकोकडून कळलं.

त्याच्यासारख्या संशयी माणसाच्या हातून हे व्हावं, याचं त्या काउंटीत अजून नवल करतात. दुकानातून आणलेल्या दुधाच्या झाकणाची कड तो आधी बोटाने चाचपायचा, मग दूध हुंगायचा. ट्रकचं दार लावून थोडं पुढे गेला की परत यायचा आणि दार ओढून बघायचा. चर्चमध्ये सगळे डोळे मिटून प्रार्थना करत तेव्हा त्याचा एक डोळा उघडा असे. आयनेझला, त्याच्या बायकोला, हे माहीत होतं, कारण तिने एकदा आपला डोळा उघडून खात्री करून घेतली होती.

"स्वर्गाच्या दारात सेंट पीटर उभा असेल ना, डेल्मस, तर तू त्याच्याकडेच ओळखपत्र मागशील."

"दाखवायला त्याची हरकत काय असणार?" डेल्मस म्हणायचा.

संशयाला कारण नव्हतं असं नाही. फ्लोरिडाच्या आतल्या भागातल्या त्या तळ्याकाठी त्याच्या आजाने कुंपणाशिवाय गुरं चारली होती. बापाच्या हयातीत कुंपणं आली. डेल्मसच्या डोळ्यांदेखत त्या कुंपणांच्या आत संत्र्याच्या बागा उभ्या राहिल्या, रोग पडून वाळल्या, आणि त्यांच्या जागी एकसारख्या छपरांच्या वसाहती आल्या. जमीन नेहमी कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेली असायची. त्याच्या वाट्याला घराखालची वाळू राहिली आणि अंगणातले ओक. गुरं मात्र होती. वशिंडाची, लोंबत्या गळ्याची, उन्हाला न बधणारी. गुरं होती आणि गवत नव्हतं.

गवत कॉयलचं होतं.

थॅचर कॉयल उत्तरेकडून आला आणि त्याने तळ्याचा पूर्वेचा सगळा काठ घेतला. घर एकच बांधलं. बाकीची जमीन तशीच पडून होती, भाव वाढायची वाट बघत. तिथे गुरं सोडायचं डेल्मसला भाडं पडत नसे. ती मेहेरबानी नव्हती. गुरं चरतात ती जमीन शेतीची, आणि शेतीच्या जमिनीला कर नावापुरता. डेल्मसच्या गायी शेपट्या हलवत उभ्या होत्या तोवर तो काठ सरकारदरबारी कुरण होता. उद्या तिथे बंगले होणार हे गायी सोडून सगळ्यांना माहीत होतं. शाळा आणि रस्ते चालवायला पैसा लागायचाच, तेव्हा कॉयलने न भरलेला कर लहान घरांवर पसरायचा. डेल्मसच्याही घरावर. हे त्याला कळत होतं. पण कळणं आणि त्याच्याकडे तोंड करून बसणं यात फरक असतो, आणि तो फरक गवताएवढा उंच होता.

घराचं, जमिनीचं मोल ठरवायचं काम नेल्डा प्लॅटचं. ते पद त्या काउंटीत मतांनी भरतात, आणि नेल्डा अनेक वर्षं निवडून येत होती. धिप्पाड बाई. रबरी बूट घालून स्वतः शेतात उतरायची. ती आयनेझची शाळेतली मैत्रीण. वादळात आयनेझच्या आईचं छप्पर उडालं तेव्हा नेल्डाच आली होती, आणि उघड्या घरात उभी राहून म्हणाली होती, "आकाशावर मी कर लावू शकत नाही, आंटी."

त्या वर्षीच्या वसंतात गुरं पाळणाऱ्यांच्या सहभोजनात नेल्डा उठून बोलली. जी गुरं नुसती रस्त्यावरून दिसावीत म्हणून उभी केली आहेत, ती पुढच्या वर्षी आपण शेती म्हणून धरणार नाही, म्हणाली. टाळ्या तुरळक पडल्या. मग ती डेल्मसशेजारी येऊन बसली आणि त्याच्या ताटातला मक्याचा पाव तोडून खाऊ लागली.

"तुझं गवत जाईल. मला वाईट वाटतं रे. पण खोटं कुरण ते खोटं कुरण."

"माझ्या गायी खोट्या आहेत?"

"गायी खऱ्या आहेत. त्यांच्या मागे लपलेला माणूस खोटा आहे."

डेल्मसने ताट आपल्याकडे ओढून घेतलं.

मे महिन्यात टपालपेटीत गुळगुळीत कार्डं यायला लागली. नेल्डाचा फोटो, मुद्दाम काळपटलेला, आणि खाली, ही बाई तुमच्या आजीच्या घरावरचा कर वाढवणार आहे. पाठवणारे कोण, तर 'तळ्याकाठचे शेजारी'. पत्ता राजधानीतल्या टपाल कार्यालयातल्या एका पेटीचा. रोज एक कार्ड. डेल्मस कार्ड उन्हात धरून बघायचा, जणू कागदाच्या आत कुणीतरी बसलेलं दिसेल. नेल्डाविरुद्ध क्रेग ओव्हरस्ट्रीट नावाचा जमिनींचा दलाल उभा राहिला होता. दोघेही एकाच पक्षाचे. दुसऱ्या पक्षाने नेहमीसारखा कुणी उभाच केला नव्हता.

जूनमध्ये ब्रेंट हॅगन कुरणात आला. हा कॉयलचा माणूस, गावातलाच. त्याचे बूट इतके स्वच्छ होते की डेल्मसने आधी बुटांकडेच बघितलं.

"मिस्टर डेल्मस, तुम्ही का उभे राहत नाही?"

"कशाला?"

"नेल्डाबाईंच्या जागेसाठी. गुरंवाल्यांचं ऐकणारं कुणी नाही, असं तुम्हीच म्हणता ना, सर?"

"मी असं कुणाला म्हणालो?"

हॅगन हसला. "सगळ्यांना."

डेल्मसने गेटला साखळी लावली. हॅगन बाहेर होता, तो आत. "पैसे किती भरायचे?"

"काहीच नाही. ही कोऱ्या ओळीची उमेदवारी. मतपत्रिकेवर तुमचं नाव छापतच नाहीत. एक ओळ कोरी सोडतात. ज्याला वाटेल तो नाव लिहितो."

"आणि कुणालाच वाटलं नाही तर?"

"तर नाही. भाषण नाही, पाट्या नाहीत. शुक्रवारी दुपारच्या आत एक सही करायची फक्त."

"मग तुला काय मिळतं यात?"

"निवडणूक म्हणजे चार माणसं असावीत, सर. लोकशाही आहे." हॅगनने कुरणावरून नजर फिरवली. "आणि गवत आहे तिथेच राहील. मिस्टर कॉयलना मित्रांची आठवण राहते."

"परत बोल."

"गवत आहे तिथेच राहील."

डेल्मसने तो कागद घरी नेला. आयनेझ संत्री भरायच्या कारखान्यात होती. कागद त्याने आधी चष्म्याने वाचला, मग भिंग घेऊन, मग मागून पुढे. गायींचा उल्लेख आहे का पाहिला. घर गहाण पडतंय का पाहिलं. आपण मेलो तर आयनेझच्या गळ्यात काही येतं का, तेही पाहिलं. कुठेच काही नव्हतं. इतका निरुपद्रवी कागद त्याने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता, आणि त्याचाही त्याला थोडा संशय आला. पण संशयाला धरायला जागाच सापडेना. गुरुवारी त्याने जाऊन सही केली. आयनेझला सांगितलं नाही. ती हसली असती. आणि गवताचं विचारलं असतं.

ऑगस्टात पक्षांतर्गत मतदान आलं. आयनेझ कारखान्यातल्या बायकांबरोबर, ज्युनीच्या गाडीतून, वाचनालयात आगाऊ मत द्यायला गेली. त्या सगळ्या नेल्डाच्या, पण तिच्या पक्षाच्या नव्हत्या. कुणी दुसऱ्या पक्षाच्या, कुणी आयनेझसारख्या कुठल्याच पक्षाच्या नाहीत. डेल्मसने मासे तळून ठेवले होते. ती आली ती उभीच राहिली.

"बस. गार होतंय."

"मतपत्रिकेवर नेल्डाचं नावच नव्हतं."

"नव्हतं कसं?"

"न्यायाधीशपदाचे उमेदवार होते. शाळेच्या मंडळाचे होते. नेल्डा नव्हती. ज्युनी तर टेबलावरच्या बाईशी भांडली. ती बिचारी म्हणाली, बायांनो, एकाच पक्षाचे दोघं असते आणि पुढे नोव्हेंबरात कुणीच नसतं, तर हीच शेवटची लढत म्हणून सगळ्यांना मत देता आलं असतं. पण नोव्हेंबरसाठी कुणीतरी कोऱ्या ओळीवर उभा राहिलाय. त्यामुळे ही लढत फक्त त्या पक्षाच्या मतदारांची. तुमच्यासाठी दार बंद."

डेल्मसने हातातला काटा-चमचा खाली ठेवला.

"ज्युनीने विचारलं, कोण हा गाढव? ती बाई सांगेना. माझ्याकडे बघेना. शेवटी ज्युनीने दुसऱ्याला विचारलं." आयनेझने पर्स टेबलावर ठेवली, अगदी हळू. "येताना गाडीत कुणी बोललं नाही, डेल्मस. ज्युनीने रेडिओ लावला. माझ्यासाठी लावला."

"मी सगळं वाचलं होतं, आयनेझ. मागून पुढेसुद्धा. त्यात आपल्याविरुद्ध काही नव्हतं."

"तू त्यात स्वतःला शोधत होतास. तुझ्या गायी शोधत होतास. मी नव्हते त्यात, म्हणून तुला ठीक वाटलं."

"हॅगन म्हणाला गवत..."

"गवत खा मग."

ती आत गेली. मासे गार झाले. माणूस दारावर कडी लावतो, कडी ओढून बघतो, निश्चिंत झोपतो. आणि कुणी शेजारच्या घरात शिरण्यासाठी त्याच्याच अंगणातून गेलेला असतो, हे डेल्मसला त्या खुर्चीत बसून समजलं. समजायला फार वेळ लागला नाही. उठायला लागला.

तो स्वतः नेल्डाच्या पक्षाचा मतदार होता. मंगळवारी, मतदानाच्या शेवटच्या दिवशी, जाऊन त्याने नेल्डाला मत दिलं. नेल्डा थोडक्यात हरली.

मग गावाने त्याच्याकडे त्याच्याच डोळ्यांनी बघायला सुरुवात केली. पेंडीच्या दुकानात त्याने दिलेली नोट मालकाने उजेडाकडे धरून पाहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दोघं जण बोलत असले आणि तो आला की विषय पावसाकडे वळायचा. कॉयलने त्याला किती दिले याच्या गोष्टी पसरल्या. नेल्डा त्याच दुकानाबाहेर भेटली. ट्रकमध्ये कोंबड्यांचं खाद्य टाकत होती.

"काय मिळालं रे तुला?"

"गवत."

"ते तर होतंच तुझ्याकडे."

त्याला वाटलं, ती शिवी देईल. तिने पोतं उचलायला त्याला हात लावायला सांगितलं, त्याने लावला, आणि ती निघून गेली.

नोव्हेंबरात कोरी ओळ आली. समोर छापलेलं नाव ओव्हरस्ट्रीटचं, आणि खाली ती पांढरी पट्टी, जिथे काउंटीतल्या कुणीही डेल्मस रॉलर्सन असं लिहू शकलं असतं. निकालात त्याला मूठभर मतं दिसली. कुणाची असतील याचा त्याने आठवडाभर विचार केला.

"तू लिहिलंस का माझं नाव?" एका सकाळी त्याने विचारलं.

आयनेझ कॉफी ओतत होती. "मतदान गुप्त असतं."

"मी नवरा आहे तुझा."

"मग घे संशय. तेवढं येतं तुला."

डिसेंबरात त्याने ठरवलं. कुठली जमीन शेतीची हे पहिल्या जानेवारीला जमिनीवर काय आहे त्यावरून ठरतं. हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नाताळच्या आधी त्याने कुत्री बरोबर घेतली, बापाचा लांब चाबूक खुंटीवरून काढला आणि कुरणात जाऊन गायी गोळा करायला लागला. गेटपाशी कुणीतरी लागतं. त्याने आयनेझला सांगितलं नव्हतं, पण ती येऊन गेट धरून उभी राहिली. बहुतेक गायी लिलावात गेल्या. म्हाताऱ्या काही ओकांखाली आणून बांधल्या. त्यांना विकत घेतलेला चारा घालायचा होता, आणि तो किती दिवस परवडणार हे दोघांपैकी कुणी बोललं नाही.

हॅगनचा फोन आला. "मिस्टर डेल्मस, थोडं थांबायचं हो. जानेवारी लागला की न्या."

"का? गायींना नवं वर्ष कळतं?"

"मिस्टर कॉयलना वाईट वाटेल, सर."

"त्यांच्याकडे गवत आहे. खाऊन बघू दे."

नव्या वर्षाच्या सकाळी आयनेझने चवळी आणि हिरवी भाजी चुलीवर ठेवली होती. झाकण ठेवून तीच म्हणाली, "चल, बघून येऊ." कुठे ते विचारावं लागलं नाही.

तळ्यावर धुकं होतं. डेल्मसने ट्रक कुंपणाला लावला. आधी काही दिसेना. मग धुक्यातून एक वशिंड दिसलं, मग दुसरं. अनोळखी गुरं, कानात पिवळे बिल्ले, रस्त्याच्या बाजूला एका घोळक्यात. नुकतीच उतरवलेली असावीत. गाडीच्या चाकांच्या खुणा ओल्या होत्या. आतल्या सगळ्या रानात एक जनावर नव्हतं. फक्त इथे, जिथून दिसतं.

"कुणाची?" आयनेझने विचारलं.

"ज्याची असतील, त्यानेही नीट बघून घेतलं असेल सगळं."

गायींनी त्याच्या आवाजाकडे माना वळवल्या आणि हंबरायला लागल्या. त्या हंबरण्याचा अर्थ त्याला लागत होता. पाण्याची टाकी झुडपांपलीकडे होती. पंप तो स्वतः बंद करून गेला होता. ह्या गुरांना ती जागा माहीत नव्हती, आणि उतरवणाऱ्याला सांगायची गरज वाटली नव्हती.

तो ट्रकमधून उतरला.

"पाणी दिलं तर कॉयलचंच काम होईल," तो म्हणाला.

"पाणी गाय पिते."

"कुणी बघितलं तर म्हणतील, अजून त्याचाच माणूस."

"म्हणतीलच." ती खाली उतरली, कुंपणाची खालची तार बुटाने दाबली आणि वरची काटेरी तार हाताने उचलून धरली.

वाकून आत शिरण्याआधी डेल्मस क्षणभर थांबला. ती तार मध्येच सोडेल की काय, म्हणून. आयनेझने त्याचं थांबणं पाहिलं. तार धरून उभी राहिली.