गुडघ्यावरचं गवत

डेल्मर प्रुइटचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. थर्मासमध्ये काळी कॉफी, कागदात गुंडाळलेलं सँडविच, आणि पाचच्या आत कॉलेजच्या स्टेडियमखालच्या धुलाईखोलीत हजर. एकतीस वर्षं. शनिवारी अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याला ओहायोतलं ते डोंगरी गाव वर बाकांवर घसा फोडायचं, तेव्हा डेल्मर खाली हेल्मेटचे पट्टे शिवत असायचा. आपल्या पोरांनी चेंडू रेषेपार नेला, की छत थरथरायचं.

बाकीचं त्याला कपडे सांगत. पुढच्या फळीतले पाच धिप्पाड गडी समोरच्यांना रेटत नेतात, तेव्हा गवत गुडघ्यांना घासतं. तेच मागे ढकलले गेले, तर डाग बुडावर.

सत्याऐंशीच्या शरदात चार सामन्यांत छत एकदाच थरथरलं. आक्रमणाच्या प्रशिक्षकाला काढलं. त्याच्या जागी नेब्रास्काहून लिंडक्विस्ट नावाचा तरुण आला. तिसऱ्याच दिवशी, बुधवारी सकाळी सहाला, तो जिना उतरून खाली आला.

“मिस्टर प्रुइट, वर सगळे मला कागदावरच्या चाली दाखवतात. तुम्हाला काय दिसतं?”

कालच्या सरावाच्या विजारी टोपलीत होत्या. गुडघे पांढरेशुभ्र. गेला महिनाभर तसेच येत होते. पुढच्या फळीचा प्रशिक्षक बर्ल स्टॅम्पर. बर्ल डेल्मरचा वीस वर्षांचा दोस्त, बायको आयडा वारल्यापासून एकटा. दोघं रविवारी एकाच होडीतून मासे धरायला जात. बोललं तर बर्लची फळी जाणार. पण न झालेलं काम झालं म्हणणं डेल्मरला जमेना. त्याने टोपली टेबलावर उलटी केली.

“इथं कुणी कुणाला रेटलेलंच नाही.”

शुक्रवारी बर्लकडून फळी गेली. त्याला शाळाशाळांतून नवे खेळाडू हेरायला धाडायचं ठरलं. तो खाली आला आणि दारातच थांबला.

“माझ्या पोरांच्या विजारी चुगल्या करतात म्हणे?”

“विजारी नाही. मी सांगितलं.”

“आयडा गेल्यापासून मला पोरं आदळलेली बघवत नाहीत रे, डेल.”

“ठाऊक आहे.”

“आणि तरी?”

“शनिवारी समोरचे आदळतातच की. त्या लालकेशा पोराचा खांदा निखळला, तो सराव नव्हता म्हणून.”

बर्ल निघून गेला. तीन रविवार होडी अंगणातच पडून राहिली.

नव्या प्रशिक्षकाने पोरांना मंगळवार-बुधवार घाम फोडला. विजारी हिरव्यागार होऊन येऊ लागल्या. डेल्मरची बोटं ब्रशने सोलून निघाली. ऑक्टोबरातल्या शेवटच्या शनिवारी छत इतकं हादरलं, की धूळ धुतलेल्या कपड्यांवर पडली.

“झालं, परत धू आता,” दारातून आवाज आला. बर्ल होता.

“वर जा ना. सामना चाललाय.”

“तुला एकट्याला जमणार नाही, म्हाताऱ्या.” त्याने बाह्या वर सारल्या आणि ओल्या विजारी उचलल्या.

आता तिथं प्लास्टिकचं गवत आहे. गुडघ्याला डागच लागत नाही.

एकतीस वर्षांत डेल्मरने एकही सामना पुरता पाहिला नव्हता. निवृत्त होताना मिळालेल्या शेवटच्या पगारातून त्याने बाराव्या रांगेतल्या दोन जागा आख्ख्या मोसमासाठी घेतल्या. एक बर्लच्या नावावर.